माहिती तंत्रज्ञान तज्ज्ञांची निवड : नियोक्त्यांचे गैरसमज आणि योग्य निवडपद्धती

प्रस्तावना :

माहिती तंत्रज्ञान हे आज केवळ सॉफ्टवेअर कंपन्यांचे क्षेत्र राहिलेले नाही. सहकारी बँक, साखर कारखाना, रुग्णालय, महाविद्यालय अशा सर्वच संस्थांना संगणक तज्ज्ञांची गरज भासते. मात्र त्यांची निवड करणारी व्यक्ती बहुधा या विषयाची जाणकार नसते. परिणामी टक्केवारी, अनुभवाची वर्षे, प्रमाणपत्रे असे जे सहज मोजता येते, तेच गुणवत्तेचे माप ठरते. त्यातून संस्थेचे नुकसान होते आणि लायक उमेदवारावरही अन्याय होतो. प्रस्तुत लेखात अशा प्रमुख गैरसमजांचा व त्यांवरील उपायांचा परामर्श घेतला आहे.

नियोक्त्यांचे प्रमुख गैरसमज :

१) संगणक तज्ज्ञ सर्व कामे करू शकतो : प्रोग्रामिंग, डेटाबेसची देखभाल, नेटवर्कची उभारणी आणि माहितीची सुरक्षा ही भिन्न कौशल्ये आहेत. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाकडून वनस्पतिशास्त्राच्या अध्यापनाची अपेक्षा कोणी करीत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र ती सर्रास केली जाते.

२) अनुभवाची वर्षे म्हणजे कौशल्य : ‘फास्टएपीआय’ हे प्रोग्रामिंगचे साधन डिसेंबर २०१८ मध्ये प्रथम उपलब्ध झाले. २०२० मध्ये एका जाहिरातीत त्याचा किमान चार वर्षांचा अनुभव मागितला गेला. ही अट आपण स्वतःही पूर्ण करू शकत नाही, असे त्या साधनाचे निर्माते सेबास्टियन रामिरेझ यांनी तेव्हा जाहीरपणे निदर्शनास आणले. एकच काम दहा वर्षे करणे आणि दहा वर्षे शिकत राहणे यांतील फरक वर्षांच्या आकड्यावरून कळत नाही.

३) टक्केवारी म्हणजे क्षमता : महाविद्यालयीन भरतीत दहावी, बारावी व पदवी या तिन्ही टप्प्यांवर ६० टक्क्यांची अट अनेकदा आढळते. हजारो अर्जांची छाननी त्यामुळे सोपी होते, हे खरे. परंतु दहावीत मागे पडलेल्या विद्यार्थ्याने पुढे आत्मसात केलेले कौशल्य या चाळणीत तपासलेच जात नाही.

४) अवघड कोडी घातल्याने बुद्धिमत्ता कळते : गूगल कंपनीच्या मुलाखतींतील कोडी एकेकाळी प्रसिद्ध होती. कंपनीचे तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये ती निरुपयोगी असल्याचे मान्य केले.

५) माणसे वाढवली की काम लवकर होते : आयबीएममधील अनुभवाच्या आधारे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये असे प्रतिपादन केले की, रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर नवी माणसे नेमल्यास तो अधिकच रखडतो. नवागतांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो. शिवाय परस्परसंपर्क वाढतो. ५ जणांत १० जोड्या होतात, तर १० जणांत ४५. म्हणून घाईची भरती हा विलंबावरील उपाय ठरत नाही.

योग्य निवडपद्धती :

फ्रँक श्मिट व जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये विविध व्यवसायांतील ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. त्यात प्रत्यक्ष कामगिरीशी असलेला सहसंबंध नमुना कामाच्या चाचणीसाठी ०.५४, संरचित मुलाखतीसाठी ०.५१, तर अनुभवाच्या वर्षांसाठी केवळ ०.१८ आढळला. पॉल सॅकेट व सहकाऱ्यांच्या २०२२ मधील फेरविश्लेषणात हे आकडे घटले. तरी संरचित मुलाखत ०.४२ सह अग्रस्थानी राहिली आणि अनुभवाची वर्षे ०.०७ पर्यंत खाली आली.

यावरून निवडीची दिशा स्पष्ट होते. प्रथम, पहिल्या वर्षात उमेदवाराने कोणती कामे करावयाची आहेत ते लिहून काढावे व त्यावरूनच जाहिरात तयार करावी. दुसरे, सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून पूर्वनिश्चित निकषांवर गुण द्यावेत. तिसरे, तास-दीड तासाचे प्रत्यक्ष काम द्यावे, उदा., सदोष प्रोग्राममधील चूक शोधणे किंवा राखीव प्रतीवरून डेटाबेस पूर्ववत करणे. केलेल्या कामामागील कारणे उमेदवाराकडून जाणून घ्यावीत. चौथे, निवड समितीत त्या विषयाचा एक तरी जाणकार असावा. संस्थेत नसल्यास बाहेरून बोलवावा.

समारोप :

हा प्रश्न केवळ नियोक्त्यांचा नाही. प्रकल्प अहवालाची सुबक बांधणी पाहून गुण दिले गेले, तर महाविद्यालयेही सोपे तेच मोजतात. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला स्वतःच्याच प्रोग्राममध्ये एखादा बदल करण्यास सांगितल्यास त्याची समज तत्काळ कळते. काम पाहून गुणवत्ता ठरविण्याची सवय वर्गात रुजली, तर टक्केवारीच्या चाळणीत अडकणाऱ्या विद्यार्थ्याजवळ दाखविण्यासारखे काही निश्चित असेल.