निकालावर तोललेला पंतोजी
(लेखांक सातवा)

जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा कर बसवून त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे वळविण्याच्या जुन्या मुंबई इलाख्यातील योजनेची हकीकत मागील लेखांकात आली. पैसा कोठून येत होता, हे त्यावरून कळले. परंतु तो शाळेच्या उंबऱ्याशी कोणत्या मापाने मोजून दिला जात होता, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे, कारण वर्गात काय शिकविले जाते याचा निकाल माझ्या मते रकमेच्या आकड्यापेक्षा या मापानेच अधिक लागतो.

याचा सर्वांत उघडा दाखला इंग्लंडातला आहे. तेथील शिक्षणखात्याचा कारभार पाहणारे रॉबर्ट लो यांनी १८६२ साली अनुदानाची नवी नियमावली अमलात आणली. तीनुसार सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागे शाळेस १२ शिलिंगांपर्यंत रक्कम मिळे. त्यांतील ४ शिलिंग हजेरीचे, उरलेले ८ परीक्षेचे. आणि वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी ज्या ज्या विषयात मूल नापास होईल, त्या त्या विषयाचे २ शिलिंग ८ पेन्स कापून घेतले जात. ही पद्धती स्वस्त नसेल तर परिणामकारक तरी ठरेल आणि परिणामकारक नसेल तर स्वस्त तरी पडेल, अशी हमी लो यांनी पार्लमेंटात दिली होती. तिचा उत्तरार्ध तेवढा बिनतक्रार खरा ठरला. आधी आठ लाख पौंडांवर गेलेले अनुदान १८६५ पर्यंत साडेसहा लाखांच्या आत आले.

वर्गात काय घडले ते पाहण्याजोगे आहे. इतिहास-भूगोलाला दिडकीही मिळत नसल्यामुळे ते विषय मागे पडले. वाचनाचे एकच पुस्तक वर्षभर इतके घोकून घेतले जाई की, तपासनिसासमोर ते उलटे धरूनही मुले घडाघडा म्हणत. आणि तपासणीच्या दिवशी गैरहजर मूल म्हणजे बुडालेले शिलिंग, म्हणून तापाने फणफणलेली पोरेदेखील घोंगड्यात गुंडाळून शाळेत आणली जात. हुशार मूल पास होणारच आणि मंद मूल होणारच नाही, हे एकदा कळल्यावर दोघांवरही मेहनत घेण्यात मास्तराला लाभ नव्हता. त्याची सारी शक्ती काठावरच्या पोरांवर खर्ची पडे. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळातपासनीस होते, आणि या पद्धतीने शिकविणे यांत्रिक होऊन गेले, अशी तक्रार त्यांनी आपल्या सरकारी अहवालांतून वर्षानुवर्षे केली. पंतोजीला नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्याची चूल तपासनिसाच्या शेऱ्यावर पेटायची, त्याने दुसरे काय करावे?

हेच माप विलायतेहून मुंबईस यावयास फार काळ लागला नाही. १८६५ साली येथील विद्याखात्याचे संचालक झालेल्या सर अलेक्झांडर ग्रँट यांनी (आडनाव कसे प्रसंगोचित!) खाजगी शाळांना निकालानुसार मदत देण्याचा शिरस्ता सुरू केला. सन १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन बसले, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी त्यापुढे जे निवेदन ठेवले, त्यात या शिरस्त्यावर नेमके बोट ठेवलेले आढळते. ज्या गोरगरीब वर्गात विद्येची गोडी अजून उत्पन्न झालेली नाही, तेथे निकालाच्या भरवशावर स्वतःच्या हिमतीने शाळा काढून पोट भरेल, असे कोणत्याही शिक्षकास वाटणार नाही. म्हणून गोडी लागेपर्यंत सरकारी शाळाच हव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. खेड्यातील मास्तरास किमान १२ रुपये आणि मोठ्या गावी १५ किंवा २० रुपये पगार असावा, असेही त्यांनी सुचविले. मौज अशी की, बरीच मुले पास करणाऱ्या मास्तरास वेगळा भत्ता देण्यास त्यांची मुळीच हरकत नव्हती. पगाराच्या जागी बक्षीस आणि पगारावर बक्षीस यांतील अंतर त्यांनी ओळखले होते. कमिशनने मात्र प्राथमिक शाळांच्या अनुदानास निकालाचीच कसोटी बव्हंशी कायम ठेवण्याची शिफारस केली. ती पद्धती सोडून देण्याचे धोरण जाहीर व्हावयास लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीतील १९०४ चा ठराव यावा लागला.

फुल्यांचा तो किमान पगाराचा आग्रह मला आठवतो तो शिक्षणसेवक म्हणून मानधनावर नेमल्या जाणाऱ्या नव्या शिक्षकांच्या संदर्भात. महाराष्ट्रात २००० साली ही योजना आली, तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकास पहिली तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधन होते. ते १६,००० होण्यास २०२३ साल उजाडले. जो नवशिका गुरुजी महिनाअखेर उसनवारीच्या विवंचनेत असतो, त्याच्याच हाती पहिलीतल्या मुलांची अक्षरओळख सोपविलेली असते, याकडे हिशेबनिसांचे सहसा लक्ष जात नाही.

आता निकालाचे माप गेले आणि पटाचे आले. मुलांच्या संख्येवर शिक्षकांची पदे आणि अनुदान ठरत असल्यामुळे, जेथे पूर्वी पाठांतर फुगले तेथे आता हजेरीपट फुगू लागले. म्हणून ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी करावी लागली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदारासारखी मुलांच्या बोटाला शाई लावली गेली, आणि पटावरील नावे व बाकावरील मुले यांत लाखोंची तफावत निघाली. लबाडांना चाप बसला हे उत्तमच झाले. परंतु प्रामाणिक शाळेलाही हे माप कसे कापते, ते पाहण्यास कोणत्याही खेड्यातील पाचवीपर्यंतची शाळा घ्यावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टावे मूल आले की तिसरा. समजा, पट ६२ आहे आणि एक बिऱ्हाड दोन मुले घेऊन पोटापाण्यासाठी शहरात गेले. पुढच्या संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकपदांच्या मंजुरीत, तिसरे गुरुजी 'अतिरिक्त' ठरतात आणि त्यांचे समायोजन दुसऱ्या गावी होते. मागे उरलेल्या दोघांपैकी एकाकडे पहिली, दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत येतात. पहिलीला मुळाक्षरे गिरवावयास लावून ते तिसरीच्या फळ्याकडे वळतात, आणि दुसरी तोवर गप्प बसून असते.