पानिपतचा पराभव अटळ होता का?

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अफगाण बादशहा अब्दालीकडून मराठ्यांचा पराभव झाला. मोहीम निघाली तेव्हाच हा शेवट ठरला होता, ही समजूत आजही पक्की आहे. त्यासाठी बुणग्यांचा आणि यात्रेकरूंचा भार, सूरजमल जाटाची फारकत, गनिमी कावा सोडून तोफांवर ठेवलेली भिस्त अशी कारणे दिली जातात. ती खोटी नाहीत, पण त्यांचे वजन निकाल कळल्यावर ठरवलेले आहे. इब्राहिमखान गारद्याच्या याच तोफखान्याने फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाला नमवले होते. तेव्हा जी दूरदृष्टी ठरली, तिलाच अकरा महिन्यांनी घोडचूक म्हटले गेले.

१७६० च्या जुलैपर्यंत अयोध्येच्या शुजाउद्दौल्याने बाजू निवडलेली नव्हती आणि दोन्ही पक्ष त्याला ओढत होते. ऑगस्टमध्ये दिल्ली आणि ऑक्टोबरात कुंजपुरा मराठा सेनापती सदाशिवरावभाऊंच्या हाती आले. त्यानंतर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांची दक्षिणेची वाट तुटली. पण अब्दालीच्या परतीच्या वाटेवरही मराठी फौज उभी होती, हे सहसा सांगितले जात नाही. डिसेंबरात मराठ्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले मारले गेले, मराठ्यांची रसद आटली आणि उपासमार सुरू झाली. जानेवारीत पारडे नक्कीच झुकले होते, जुलैत नव्हते. लढाईच्या दिवशीही इब्राहिमखानाच्या गारद्यांनी अब्दालीकडच्या रोहिल्यांची फळी मोडली आणि दुपारपर्यंत अफगाण फौजेचा मध्यभाग मागे रेटला जात होता. मग पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले आणि अब्दालीने राखीव फौज उतरवली.

पानिपताने मराठी सत्ता संपली, हा दुसरा गैरसमज. १७६३ मध्ये माधवराव पेशव्यांनी राक्षसभुवनला निजामाला हरवले. १७७१ मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजेने दिल्ली घेतली आणि पुढच्या वर्षी शाहआलम तिथल्या तख्तावर परतला. ती सत्ता संपली ते १८१८ पानिपतापासून ५७ वर्षे दूर होते.

निकाल कळला की तो अटळच होता असे वाटू लागते; अभ्यासू माणसाला असा भ्रम होत नाही, हेही खरे नाही. १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी वाचकांना इंग्रज-गुरखा युद्धाची हकीकत दिली. काहींना शेवटही सांगितला. ज्यांना जो शेवट सांगितला, त्यांना तोच आधीपासून अधिक संभाव्य वाटला. ते ज्ञान बाजूला ठेवायला सांगूनही फारसा फरक पडला नाही.

म्हणून समकालीन पत्रांचे मोल मोठे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये छापलेल्या ऐतिहासिक पत्रांच्या पहिल्या खंडात या मोहिमेची पत्रे आहेत. भाऊ त्यांत गोविंदपंतांना अब्दालीची रसद तोडण्याची निकड कळवतात. ती लिहिताना निकाल कोणालाच ठाऊक नव्हता.