वेग कमी केला तरी विमान पडत का नाही?

चिकलठाण्याला उतरणारं विमान पाहून मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तरासाठी छोटं विमान सोपं पडतं. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. असं नवं विमान उडवताना आधी शोधायचं असतं, ते किती हळू उडू शकतं.

पंखांवरून वाहणारी हवा विमानाला उचलते. वेग घटला की तेवढीच उचल मिळवायला नाक वर करावं लागतं. पण साधारण १५ अंशांपुढे हवा पंखाचा वरचा भाग सोडते आणि उचल एकदम घटते. हाच ‘स्टॉल’. इंजिन मात्र चालूच असतं! उपाय म्हणजे नाक खाली करून वेग घेणं. त्यासाठी उंची लागते, आणि जमिनीजवळ तीच नसते. म्हणून उतरताना स्टॉलच्या वेगाच्या सुमारे १.३ पट वेग राखतात. धावपट्टी अगदी जवळ आली की नाक हळूच उचलून मागची चाकं आधी टेकवतात.

वर्गात करून पाहा: कागदी विमानाच्या नाकाला क्लिप लावून उडवा. मग ती शेपटीकडे सरकवा. आता विमान नाक वर करतं, अडखळतं, आपटतं. म्हणूनच घरी बांधलेल्या विमानात वजन कुठे ठेवलंय हे फार महत्त्वाचं. कारण लगेच सांगू नका. आधी मुलांना अंदाज बांधू द्या.