पेटीवाल्याचा हात

निगेटिव्हवर वरच्या कोपऱ्यातून एक काळा पट्टा तिरपा उतरला होता. निगेटिव्हवर काळं म्हणजे तिथं नको तो उजेड पडलेला. लाकडी कॅमेऱ्यात उजेड शिरायच्या जागा मोजक्याच: भिंगाची पाटी, फिल्मचा खण, नाहीतर भाता. पहिल्या दोन ठिकाणी काळं कापड गुंडाळून पुन्हा फोटो घेतला. पट्टा जिथल्या तिथं.

कॅमेरा सांगली जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतला. हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांच्या निगेटिव्हचा. सागवानी चौकट, पितळी पट्ट्या, दातेरी चाकावर पुढंमागं सरकणारा पाट. त्या घरात तीन पिढ्या त्याला ‘विलायती’ म्हणत आल्या, आणि तसाच तो माझ्या हाती आला.

रात्री भिंग काढलं, भात्याच्या आत टॉर्च ठेवला आणि खोलीतले दिवे घालवले. घड्यांच्या कोपऱ्यांवर उजेडाचे ठिपके उमटले, टाचणीच्या टोकाएवढे. भात्याचा कोपरा दोन्ही बाजूंनी मुडपला जातो, म्हणून तोच आधी झिजतो. वरून चिकटपट्टी लावून भागत नाही. जाडी वाढली की भाता पुरता मिटत नाही आणि कॅमेरा बंद होत नाही.

भाता घेऊन मिरजेला गेलो. तंबोऱ्या-सतारींच्या त्या गावात हार्मोनियम दुरुस्त करणारे एक वयस्क कारागीर आहेत. त्यांनी एक शिवण उसवली. बाहेर रेक्झिन, आत काळं कापड, मधे पुठ्ठ्याच्या पट्ट्या. दोन पट्ट्यांमधल्या फटीवरून त्यांनी नख फिरवलं, सरसाचा वास घेतला आणि म्हणाले, ‘‘साहेब, हा पेटीवाल्याचा हात आहे. विलायतेत हातपेटी कोण बनवतंय?’’

आतलं कापड त्यांनी बदललं, कोपऱ्यांना पातळ तासलेलं चामडं लावलं. पुढची निगेटिव्ह स्वच्छ निघाली. काम खरं तर संपलं होतं, पण त्यांचं ते वाक्य डोक्यातून जाईना.

मग कॅमेऱ्याचा प्रत्येक भाग भिंगाखाली पाहायला घेतला. पुढच्या चौकटीवर काळ्या ऑइलपेंटचा जाड थर होता आणि त्याखाली काहीतरी चौकोनी उंचावलेलं हाताला लागत होतं. दोन स्क्रू फिरवले. एक छोटी पितळी पट्टी सुटून आली. ती वेगळी करणं गरजेचंच होतं, कारण थिनर लाकडावर सांडला तर चपड्याचं पॉलिश उठतं. बोळ्यानं पुसत गेलो तशी रोमन अक्षरं वर आली. आधी ‘वागेश्वरी’. मग ‘अलेप्पी’.

केरळातलं आजचं अलप्पुळा! तिथल्या के. करुणाकरन यांच्या घरी वाद्यं दुरुस्त करायचा धंदा होता. 1940 च्या दशकात एका स्टुडिओवाल्यानं भाता फाटलेला कॅमेरा त्यांच्याकडे आणून दिला. पेटीचा भाता दुरुस्त करणाऱ्याला हेही जमेल, एवढाच त्यामागचा हिशेब. करुणाकरननी तो दुरुस्त केला आणि पुढं स्वतःच कॅमेरे बनवायला घेतले. ब्रह्मदेशी सागवान, पितळ आणि हाताची कारागिरी. 1980 च्या दशकापर्यंत त्यांचे ‘वागेश्वरी’ कॅमेरे देशभरातल्या स्टुडिओंत उभे होते. लग्नाची जोडपी, शाळेचे वर्ग, ओळखपत्रांचे चेहरे असे किती जण त्यांच्यासमोर बसले असतील! मिरजेच्या त्या बोटांनी जे ओळखलं ते खरंच कुणा पेटीवाल्याच्या घरातून आलेलं होतं. या माणसाचं नाव आपल्याकडच्या फोटोग्राफरांना तोंडपाठ असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

नावावर रंग कुणी फासला? गिऱ्हाइकाला कॅमेरा विलायती वाटावा म्हणून असेल, असा माझा अंदाज. स्टुडिओवाल्यांच्या थोरल्या सूनबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘मामंजी प्रत्येक खरेदीची पावती ठेवायचे. माळ्यावर त्यांची ट्रंक आहे. रविवारी या, काढून बघू.’’