बेनगाझी वाचल्यानंतर काय?

अमेरिकेने परक्या देशाच्या भांडणात सैन्य घातले की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. 'सगळे तेलासाठी' हे एक, आणि 'हुकूमशहाला कुणीतरी आवरायलाच हवे होते' हे दुसरे. या उत्तरांची मोठी सोय ही की काहीही न वाचता ती देता येतात. २०११ सालचे लिबिया प्रकरण, म्हणजे तिथला हुकूमशहा मुअम्मर गद्दाफी याच्याविरुद्धच्या उठावात अमेरिका आणि मित्रदेशांनी केलेले हवाई हल्ले, मात्र दोन्हींत मावत नाही. त्याबद्दलचे काही पक्के समज तपासून पाहू.

गैरसमज : अमेरिका तेलासाठी उतरली.

युद्धापूर्वी लिबिया रोज सुमारे १६ लाख पिंपे तेल काढत होता, हे खरे. पण ते तेल कुणी अडवून धरले नव्हते. मुअम्मर गद्दाफीने डिसेंबर २००३ मध्ये अण्वस्त्रांचा आणि रासायनिक अस्त्रांचा नाद सोडल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी अमेरिकेने बहुतेक आर्थिक निर्बंध उठवले, २००६ मध्ये पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, आणि कोनोकोफिलिप्स, मॅरेथॉन, हेस या अमेरिकी कंपन्या पुन्हा तिथे आल्या. तेलाचाच हिशेब केला तर गद्दाफी टिकणे जास्त सोयीचे होते. युद्धाने उत्पादन जवळजवळ ठप्प झाले. तेलाच्या वादात एक खरा नैतिक प्रश्न मात्र झाकला जातो. ज्याने शस्त्रे टाकली त्याच्यावरच बॉम्ब पडले, हे उत्तर कोरियाने मार्च २०११ मध्येच जाहीरपणे बोलून दाखवले. पुढच्या कुठल्या हुकूमशहाला अण्वस्त्रे सोडायला कसे पटवायचे?

गैरसमज : हल्ला इराकसारखाच परस्पर केला.

नाही. इराकवर २००३ मध्ये चढाई करताना सुरक्षा परिषदेची स्पष्ट परवानगी नव्हती. लिबियाच्या बाबतीत १२ मार्चला अरब लीगनेच उड्डाणबंदीची मागणी केली आणि १७ मार्चला ठराव क्रमांक १९७३ मंजूर झाला. बाजूने १० मते, विरोधात एकही नाही, पाच देश तटस्थ : रशिया, चीन, ब्राझील, जर्मनी आणि भारत. त्याआधी सुमारे तीन आठवडे निर्बंधांच्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला होता. या वेळी भारताचे उपप्रतिनिधी मनजीवसिंग पुरी यांचा आक्षेप असा होता की, प्रत्यक्ष परिस्थितीची विश्वासार्ह माहिती हाती नाही आणि सरचिटणीसांच्या दूताचा अहवालही आलेला नाही. लिबियात कामाला असलेल्या हजारो भारतीयांना सरकार त्याच सुमारास मायदेशी आणत होते, तेव्हा हा प्रश्न दिल्लीसाठी कागदावरचा नव्हता.

अमेरिकेच्या घरात मात्र कायद्याची बाजू लंगडी होती. १९७३ सालच्या युद्धाधिकार कायद्यानुसार काँग्रेसच्या संमतीशिवाय राष्ट्राध्यक्षाला सैन्य ६० दिवसांपलीकडे लढाईत ठेवता येत नाही (माघारीसाठी काही सवलत असते). ती मुदत मे महिन्यात संपली. ओबामा प्रशासनाने जूनमध्ये म्हटले की, आमचे काम कायद्याला अभिप्रेत असलेली लढाईच नव्हे, सबब संमती नको. त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाने कारवाईला मान्यताही नाकारली आणि पैसा रोखायलाही नकार दिला. जबाबदारी कुणाच्याच गळ्यात नको, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच पाहायला मिळतो.

गैरसमज : बंडखोरांच्या ताब्यातल्या बेनगाझी शहरात कत्तल होण्याची भीती निव्वळ बनाव होती.

ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने २०१६ च्या अहवालात हा धोका फुगवून सांगितल्याचा निष्कर्ष काढला, तेव्हापासून हे मत जोरात आहे. गद्दाफीने १७ मार्चच्या भाषणात दयामाया दाखवणार नाही असे बजावले होते; शस्त्रे टाकणाऱ्यांना अभय देऊ, असेही तो म्हणाला होता. पण बेनगाझीकरांनी त्या अभयावर का विसंबावे? त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात १९९६ मध्ये सुमारे १२०० कैदी मारले गेल्याचे मानवी हक्क संघटना सांगत आल्या आहेत, आणि २०११ च्या उठावाची ठिणगी त्याच कैद्यांच्या कुटुंबांच्या वकिलाच्या अटकेने पडली. धोका किती मोठा होता यावर वाद होऊ शकतो. तो नव्हताच, असे मला म्हणवत नाही.

म्हणूनच १९ मार्चला हल्ले सुरू करण्याचा निर्णय मी चूक ठरवणार नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. बेनगाझीच्या वेशीवर आलेले गद्दाफीचे रणगाडे काही दिवसांतच मागे रेटले गेले. ठरावात परवानगी होती ती नागरिकांच्या रक्षणाची. सत्ता उलथवण्याचा त्यात शब्द नव्हता. एप्रिलमध्ये आफ्रिकन युनियनचे शिष्टमंडळ शस्त्रसंधीचा आराखडा घेऊन त्रिपोलीला गेले. गद्दाफीने तो मान्य केल्याचे जाहीर झाले. त्याने पायउतार व्हावे हे त्यात नाही म्हणून बंडखोरांनी तो फेटाळला. गद्दाफीचा होकार खोटाही असेल. पण तो पारखून पाहण्याआधीच, १५ एप्रिलला, ओबामा, ब्रिटनचे कॅमेरॉन आणि फ्रान्सचे सार्कोझी यांनी संयुक्त लेखात लिहिले की गद्दाफी सत्तेवर असलेला लिबिया कल्पनेतही बसत नाही. संरक्षणाचे काम त्या मधल्या काळात सत्तांतराचे झाले, आणि त्यासाठी पुन्हा परिषदेसमोर जावे असे कुणालाच वाटले नाही.

गैरसमज : अचूक हवाई हल्ल्यांत सामान्य माणसे मरत नाहीत.

मोहीम चालवणाऱ्या नाटोचा एकही सैनिक शत्रूच्या हातून मेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने तपासलेल्या हल्ल्यांत मात्र ६० नागरिक मेलेले आढळले; त्यांतले ३४ एकट्या माजेर गावातले. एवढ्या मोठ्या मोहिमेच्या मानाने आकडा लहान आहे, हे आयोगानेही मानले. पण आपण परक्यांच्या जिवाच्या रक्षणाला आलो म्हणणाऱ्याने निदान त्या मृत्यूंची कबुली द्यायला हवी होती. नाटो बराच काळ म्हणत राहिली की नागरिक मेल्याची खात्रीशीर नोंदच नाही.

गैरसमज : गद्दाफी गेला आणि काम फत्ते झाले.

२० ऑक्टोबर २०११ ला तो सिर्तजवळ मारला गेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नाटोने मोहीम गुंडाळली. लुटलेली शस्त्रे सहारा ओलांडून मालीत पोचली, २०१२ मध्ये बेनगाझीतच अमेरिकी राजदूत ख्रिस स्टीव्हन्स मारले गेले, २०१४ पासून देशात दोन सरकारे झाली. नंतरच्या दिवसांची तयारी न करणे ही बहुधा आपली सर्वात मोठी चूक, असे ओबामांनी २०१६ मध्ये कबूल केले. हस्तक्षेप मात्र योग्यच होता, हेही त्यांनी त्याच उत्तरात सांगितले.

या सगळ्याची किंमत लिबियाबाहेरही मोजली गेली. ४ ऑक्टोबर २०११ ला सीरियातल्या दडपशाहीचा निषेध करणारा ठराव परिषदेत आला. त्यात लष्करी कारवाईला परवानगी नव्हती. रशियाच्या प्रतिनिधीने लिबियाच्या अनुभवाचा उघड दाखला दिला, रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला, आणि भारत पुन्हा तटस्थ राहिला.