मूर्ती आणि मखर
(तृतीय वर्ष, कला)

संगणक आणि मराठीचा विद्यार्थी यांचा संबंध टंकलेखनापुरताच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. गतवर्षी आमच्या सरांनी ती मोडीत काढली. वार्षिकांकाचे जुने अंक महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर चढविण्याचे काम त्यांनी माझ्या गळ्यात घातले आणि ‘वर्डप्रेस’ नामक गृहस्थाशी माझी गाठ पडली. या ओळखीत माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगेनच, पण आधी गृहस्थांची माहिती देणे प्राप्त आहे.

वर्डप्रेस ही संकेतस्थळावरील आशयाची व्यवस्था पाहणारी प्रणाली. मॅट मलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ साली ती जगापुढे ठेवली. मिशेल वाल्ड्रिगी यांनी आधी रचलेली ‘बीटू’ ही प्रणाली तिचा पाया. तिचा परवाना मुक्त असल्यामुळे ती कोणालाही विनामूल्य वापरता येते, बदलताही येते.

अशी प्रणाली हवीच कशाला? पूर्वी संकेतस्थळाचे प्रत्येक पान स्वतंत्र फाइल म्हणून हाताने रचीत. मजकूर आणि सजावट एकमेकांत गुंतलेली. शंभर पानांवरचा मथळा बदलायचा तर शंभर फायली उघडाव्या लागत. नव्या प्रणालीने ही गुंतवण सोडविली. लेख साठतो माहितीसंचात, म्हणजे डेटाबेसमध्ये. सजावट राहते वेगळी. वाचकाने पान मागितले की त्या क्षणी दोन्ही एकत्र येऊन पान तयार होते.

या सजावटीला ‘थीम’ म्हणतात. गणपतीची मूर्ती तीच, मखर तेवढे बदलते, तसेच हे! थीम बदलली म्हणून लेख नाहीसे होत नाहीत. फार तर अनुक्रमाची पट्टी पुन्हा जागेवर बसवावी लागते. ‘प्लगइन’ म्हणजे वरून जोडायचे साधन. छायाचित्रांचे दालन हवे, संपर्काचा अर्ज हवा, तर त्या त्या कामाचे प्लगइन जोडावे. नको झाले की काढावे.

आता ‘पोस्ट’ आणि ‘पेज’. माझा पहिला गोंधळ इथेच उडाला. पोस्टला तारखेचे महत्त्व असते, नवी आली की जुनी मागे सरते. कथा, कविता, वृत्तान्त या पोस्टी. महाविद्यालयाचा इतिहास किंवा पत्ता यांना तारखेशी कर्तव्य नाही, ती पेजेस. पोस्टींची विभागणी दोन प्रकारे होते. ‘कॅटेगरी’ म्हणजे ग्रंथालयातील कपाट. कपाटाच्या आत कप्पेही करता येतात, जसे ‘कविता’ या कपाटात ‘बोलीतील कविता’. ‘टॅग’ म्हणजे पुस्तकात खोचलेली चिठ्ठी. ‘पाऊस’ ही चिठ्ठी कथेलाही लागते आणि प्रवासवर्णनालाही.

प्रत्येक लेखाला कायमचा पत्ता असतो. त्याचे शेवटचे टोक म्हणजे ‘स्लग’, आणि तो शीर्षकावरून आपोआप बनतो. मराठी शीर्षक असले की हा पत्ता उचलून दुसरीकडे लिहिताना टक्क्यांची चिन्हे आणि रोमन अक्षरे यांची लांबलचक माळ होते. शीर्षक मोठे असेल तर स्लग मध्येच तुटतोसुद्धा. म्हणून आम्ही स्लग हाताने, दोन-तीन शब्दांत लिहितो.

आता माझी चूक. लेखाला ‘स्थिती’ असते : मसुदा, तपासणीच्या प्रतीक्षेत, प्रकाशित. मसुदा फक्त आत काम करणाऱ्यांना दिसतो, बाहेरच्यांना नाही. एका जुन्या अंकातील वऱ्हाडी कविता आम्ही कवीच्या परवानगीने प्रकाशित केली होती. एका शुक्रवारी मला तिच्यात ‘अशुद्धे’ दिसली. मी ती परत मसुद्यात नेली, ‘काऊन’चे ‘का’ केले, ‘मायं’चे ‘माझं’ केले, जतन केले आणि उरलेले सोमवारी पाहू म्हणून घरी गेलो.

रविवारी संध्याकाळी फोन वाजला. सत्तरी ओलांडलेले ते काका नातवाला कविता दाखवायला बसले होते आणि पडद्यावर पान सापडत नाही अशी सूचना आली होती. आयुष्यात छापून आलेली ती त्यांची एकुलती एक कविता. ते रागावले नव्हते. फक्त म्हणाले, “पोरा, मायी कविता काऊन काढून टाकली रे?”

जे दोन शब्द मी अशुद्ध म्हणून खोडले होते, तेच त्या प्रश्नात होते. माझ्याने उत्तर देववेना.

त्या वेळी उपयोगी पडली ती ‘आवृत्ती’, म्हणजे ‘रिव्हिजन’. लेख जतन करताना प्रणाली आधीचे रूप फेकून देत नाही, बाजूला ठेवते. मी दोन्ही रूपे शेजारी शेजारी उघडली. खोडलेले शब्द लाल छटेत, माझे शहाणपण हिरव्या छटेत! जुने रूप परत आणले, प्रकाशित केले आणि काकांना फोन करून सारे कबूल केले. ते हसले आणि नातवाला मोठ्याने कविता वाचून दाखवू लागले. फोन तसाच चालू होता, मीही ऐकली.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितले. त्यांनी माझी ‘भूमिका’ बदलली. वर्डप्रेसमध्ये मुळात पाच भूमिका असतात : प्रशासकाला सर्वाधिकार, संपादकाला कोणाचाही लेख बदलता येतो, लेखकाला फक्त स्वतःचे लेख प्रकाशित करता येतात, योगदानकर्ता लिहितो, पण प्रकाशित करू शकत नाही, सदस्याला स्वतःची नोंद सांभाळण्यापलीकडे फारसे अधिकार नसतात. मी संपादक होतो, योगदानकर्ता झालो. प्रकाशित लेखाला आता मला हातही लावता येत नाही.

पहिले काही दिवस अपमान वाटला. आता वाटत नाही. आपल्या अंकाच्या पहिल्या पानावर ‘संपादक’ म्हणून ज्यांची नावे छापतात, त्यांच्या हाती किती मोठी गोष्ट असते, हे मला त्या रविवारी कळले.