मूल ठणठणीत दिसते, पण रक्तात शिसे किती?

सेनेगलची राजधानी डाकारजवळ थियारॉय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत तिथे अठरा मुले दगावली. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातले शिसे वितळवण्याचा धंदा तिथे कित्येक वर्षे चालत आला होता. शिशाचा भाव वधारला तशी तिथली माती चाळायलाही लोक लागले. शिशाचे कण मिसळलेली ती माती पोत्यांत भरून घरात आणली जाई, दारात चाळली जाई, आणि त्याच दारात मुले रांगत, खेळत. नंतर वस्तीतल्या पन्नास मुलांचे रक्त तपासले. सर्वांत कमी आकडा निघाला जवळपास ४० आणि सर्वांत जास्त ६०० च्याही पुढे. हे मोजमाप एक डेसिलिटर, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तातल्या मायक्रोग्रॅमचे आहे, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. रक्तात ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले तरी ते कुठून येते ते शोधून बंद करा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

रसायनांचा धोका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भोपाळ येते. वायुगळती, धावपळ, भरलेली रुग्णालये. पण मुलांच्या शरीरात जाणारी बहुतेक औद्योगिक रसायने असा गाजावाजा करत येत नाहीत. शिशाचा अभ्यास सर्वांत जास्त झाला आहे, म्हणून या विषयातले गैरसमज शिशाच्याच उदाहरणाने तपासणे बरे. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज असा, की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे आणि त्यांतली सुमारे २७ कोटी ५० लाख मुले भारतात आहेत.

“आमचा बाळ्या तर ठणठणीत आहे!”

हा सर्वांत पसरलेला आणि सर्वांत महाग पडणारा गैरसमज. कमी-मध्यम प्रमाणातले शिसे बाहेरून काहीच दाखवत नाही. दाखवले तरी काय? पोटात दुखणे, शौचाला खडा होणे, भूक मंदावणे, चिडचिड. कोणत्याही घरातल्या कोणत्याही मुलाला होणारे त्रास. त्यावरून शिशाचा संशय कोण घेणार?

हर्बर्ट नीडलमन या बालमानसोपचारतज्ज्ञांनी बोस्टनजवळच्या दोन गावांतल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. रक्तातले शिसे ओसरते. दातात मात्र ते साठून राहते, म्हणून दात. वर्गशिक्षकांना मुलांचे आकडे ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच विचारले, की हे मूल लक्ष देते का, सांगितलेले काम पुरे करते का, चटकन विचलित होते का. ही सगळी मुले डॉक्टरांच्या लेखी निरोगी होती. १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्यांच्या दातात शिसे जास्त, त्यांचा बुद्ध्यंक सरासरीने कमी आणि शिक्षकांच्या तक्रारी जास्त. वर्गात ‘लक्ष नसते याचे’ म्हणून बोलणी खाणाऱ्या त्या मुलांचा त्यात काय दोष होता?

“थोडेसे असेल तर चालते, मर्यादेच्या आत आहे ना?”

मर्यादा म्हणजे सुरक्षिततेची हमी, अशी आपली समजूत असते. अमेरिकेतच पाहा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलाच्या रक्तात ४० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे चिंतेचे मानत नसत. १९८५ मध्ये ती रेषा २५ वर आली, १९९१ मध्ये १० वर, २०१२ मध्ये ५ वर, २०२१ मध्ये ३.५ वर. मुलांची शरीरे तीच होती. मोजण्याची साधने आणि समज सुधारत गेली. १९८० साली ‘मर्यादेत’ म्हणून घरी पाठवलेले मूल आज तातडीने लक्ष देण्याजोगे ठरले असते.

त्याहून धक्कादायक गोष्ट २००५ मध्ये पुढे आली. वेगवेगळ्या ठिकाणच्या सात दीर्घकालीन अभ्यासांतल्या १३३३ मुलांची माहिती एकत्र केली गेली. रक्तातले शिसे २.४ वरून १० वर जाताना बुद्ध्यंक सुमारे ३.९ गुणांनी घसरतो. १० वरून २० वर जाताना १.९ आणि २० वरून ३० वर जाताना १.१. म्हणजे दर मायक्रोग्रॅममागे सर्वांत जास्त नुकसान सुरुवातीलाच होते. चार गुणांची घट एका मुलात कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण सगळ्या जिल्ह्याची सरासरी तेवढी खाली सरकली, तर शाळेत खास मदत लागणाऱ्या मुलांची संख्या वाढते आणि फार हुशार मुलांची घटते. धोक्याचे मूल्यमापन करताना एका मुलाकडे आणि साऱ्या वस्तीकडे असे दोन्ही बाजूंनी पाहावे लागते ते यासाठी.

“मोठ्यांना काही झाले नाही, मग मुलांना कसे होईल?”

हिशेबच करून पाहू. शिसे वितळवणाऱ्या भट्टीजवळच्या एक ग्रॅम मातीत एक मिलिग्रॅम शिसे आहे असे समजा. प्रत्यक्षात ते याहून जास्तही असू शकते. दोन वर्षांचे मूल जमिनीवर वावरते, हात तोंडात घालते, खाली पडलेला बिस्किटाचा तुकडा उचलून खाते. दिवसाला पन्नास मिलिग्रॅम धूळमाती त्याच्या पोटात जाणे मुळीच अशक्य नाही. ती चिमूटभर मिठाहूनही कमी भरते. त्यातून गेले ५० मायक्रोग्रॅम शिसे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांच्या खाण्यातून दिवसाला जास्तीत जास्त २.२ मायक्रोग्रॅम शिसे जावे, असा संदर्भ-आकडा ठेवला आहे. म्हणजे वीसपटीहून जास्त, तेही नुसत्या खेळण्यातून.

पुढचा फरक आतड्याचा. गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या रक्तात साधारण दहावा भाग उतरतो; लहान मुलात चाळीस-पन्नास टक्के. शिवाय वजनाच्या मानाने मूल श्वास जास्त घेते, पाणी जास्त पिते, आणि त्याचा मेंदू अजून घडत असतो. मोठ्या माणसासाठी ठरवलेल्या आकड्याला वजनाने भागून मुलाचा आकडा काढता येत नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये मुलांच्या आहारातल्या कीटकनाशकांवर राष्ट्रीय समितीचा अहवाल आला आणि १९९६ च्या कायद्यात मुलांसाठी दहापट जादा सावधगिरीची तरतूद झाली. कारण हेच.

त्यात आपल्याकडे भर पडते रक्तक्षयाची. शरीरात लोह कमी असले की आतडे लोहासाठी हपापलेले असते आणि त्याच वाटेने शिसेही ओढून घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. त्याच मातीत खेळणाऱ्या दोन मुलांपैकी अशक्त मुलाला जास्त विष चढते.

कारखान्यात काम करणाऱ्यांना गूळ किंवा दूध दिले की विष उतरते, ही समजूतही इथेच तपासून घ्यावी. पोटभर जेवण, पुरेसे लोह आणि कॅल्शियम असेल तर शिसे कमी शोषले जाते, हे खरे. पण शरीरात गेलेले शिसे गूळ-दुधाने बाहेर पडत नाही.

“कारखाना तर कुठल्या कुठे आहे!”

बॅटरीच्या कामावरून बाप घरी येतो, त्याच कपड्यांनी मुलाला उचलून घेतो. शिशाची धूळ कपड्यांवरून, केसांवरून, दुचाकीच्या सीटवरून घरात येते. तिला ना रंग ना वास. म्हणून कामाच्या जागीच आंघोळ, कपडे-चपला बदलणे आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न धुणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. ही सोय करणे मालकाचे काम आहे, कामगाराच्या बायकोचे नव्हे.

घरातले इन्व्हर्टर, मोटारी, ई-रिक्षा यांच्या बॅटऱ्यांत किलोकिलोने शिसे असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी विक्रेत्यामार्फत किंवा थेट नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जायला हवी. भंगारवाला चार पैसे जास्त देतो तेव्हा ती कुठल्या वस्तीत, कोणाच्या अंगणात फुटणार आहे, हे विचारायलाच हवे.

घरातच असलेला दुसरा स्रोत म्हणजे जुना रंग. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग आहे. त्याआधी रंगवलेली दारे, खिडक्यांचे गज, लोखंडी पाळणे अजून घरोघर आहेत. दिवाळीआधी ते पॉलिश पेपरने कोरडे घासतात तेव्हा उडणारी धूळ मुलांच्या पोटात जाते. पृष्ठभाग ओला करून घासावा, मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. पेन्सिल चघळणाऱ्या मुलाची मात्र उगाच धास्ती घेऊ नये; आत ग्राफाइट आणि माती असते, शिसे नसते.

पाणी उकळून शिसे जात नाही. पाणी आटते आणि उरलेल्यात शिशाचे प्रमाण वाढते. तसेच भडक पिवळी हळद म्हणजे चांगली हळद असे मानू नये. बांगलादेशात हळकुंडांना लेड क्रोमेट हा औद्योगिक रंग चोळला जात असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत तो होता. सरकारने छापे घातले, दंड केले, व्यापाऱ्यांना समजावले, आणि २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. हे दोन वर्षांत जमले.

“झालेच काही तर औषध असेल की.”

रक्तातले शिसे ओढून बाहेर काढणारी औषधे आहेत आणि ४५ मायक्रोग्रॅमच्या वर ती मुलाचा जीव वाचवू शकतात. त्याखाली काय होते, हे पाहण्यासाठी अमेरिकेत २० ते ४४ मायक्रोग्रॅम असलेल्या ७८० मुलांवर चाचणी झाली. औषध घेतलेल्या मुलांच्या रक्तातले शिसे उतरले. तीन वर्षांनी त्यांची बुद्धी, वागणे, लक्ष तपासले, तेव्हा औषध न घेतलेल्यांच्या तुलनेत काहीच फायदा दिसला नाही. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्मे होते, पण बरेचसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे दशके राहते. मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की हाडांतले कॅल्शियम सुटते, त्याबरोबर शिसेही सुटते आणि बाळापर्यंत पोहोचते. एखादा ‘नॉर्मल’ अहवाल म्हणूनच मागच्या वर्षांबद्दल काही सांगत नाही.

घरात कोणी बॅटरी, भट्टी, वेल्डिंग किंवा रंगकामात असेल, जवळ भंगाराची तोडफोड होत असेल किंवा मूल माती खात असेल, तर डॉक्टरांकडे रक्तातल्या शिशाची तपासणी नाव घेऊन मागावी. नेहमीच्या रक्ततपासणीत ती नसते. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळून आकडा फुगू शकतो, म्हणून तो जास्त आला तर शिरेतले रक्त घेऊन खात्री करावी. एका मुलाचा आकडा जास्त निघाला तर त्याची भावंडे आणि गरोदर आई यांचेही रक्त तपासावे, हिमोग्लोबिन पाहावे, स्रोत शोधून हटवावा आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा तपासावे. आकडा उतरत नसेल, तर स्रोत अजून घरात किंवा आसपास आहे आणि शोध पुन्हा सुरू करायचा आहे.